तेलाचं माहेर शोधायचं काम, आणि तेही नागपूरच्या मे महिन्यात

एमएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला डिझर्टेशन असतं. आमच्या बॅचमधे कोणी मनसरचं मँगनीज घेतलं, कोणी कामठीचा सँडस्टोन, कोणी विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड, म्हणजे सकाळी गाडीवर निघून संध्याकाळी घरी जेवायला परत येता येईल असे विषय, आणि मी घेतली पेट्रोलियम जिओकेमिस्ट्री. तेलविहीर बघायची तर रात्रभर ट्रेनमधे बसावं लागतं अशा शहरात राहून. विषय असा होता की गुजरातच्या खंभात बेसिनमधल्या (बेसिन म्हणजे गाळाने भरलेला खोलगट भाग) काही विहिरींचं क्रूड ऑइल आणि तिथल्याच शेलचे, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाचे, तुकडे घ्यायचे आणि हे तेल कुठल्या शेलमधून आलं ते शोधायचं.

घरी कोणाला काही कळलं नाही. मामा आला की एकच प्रश्न, "काय करून राहिली वं तू त्या लॅबमधे दिवसभर? तेल तर सापडलंच आहे न त्यांना, मंग अजून काय शोधता?"

प्रश्न अगदीच चुकीचा नाहीये. पण तेल जिथे सापडतं तिथे ते तयार झालेलं नसतं बहुतेक वेळा. मामाला मी बॉम्बे हायचं सांगितलं, कारण ते नाव तरी त्याला माहीत होतं. १९७४ साली तिथे तेल लागलं ते मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडकात, पण त्या चुनखडकाने ते बनवलेलं नाही, ते आलं त्याच्या खालच्या, जास्त जुन्या पन्ना फॉर्मेशनच्या (फॉर्मेशन म्हणजे खडकांच्या थरांचा एक गट) शेलमधून. शेल गाडला गेला, खोल गेला, तापला, त्यातल्या सेंद्रिय पदार्थाचं तेल झालं आणि ते वर सरकत सरकत जागा मिळाली तिथे साचलं. आता आपल्याला तयार करणारा खडक कोणता, तो कुठे पुरेसा तापलाय आणि तेल कोणत्या बाजूने वाहिलं हे कळलं तर पुढची विहीर कुठे खणायची याचा अंदाज येतो, नाहीतर एकेका विहिरीवर कोट्यवधी रुपये जातात आणि हाती पाणी लागतं. मामा म्हणाला, "म्हणजे तेलाचं माहेर शोधून राहिली." मला ते इतकं आवडलं की हेडिंगमधे घेतलं.

आणि आमच्यासाठी गंमत अशी की खंभात बेसिनची फरशी म्हणजे डेक्कन ट्रॅप, तोच काळा दगड जो सीताबर्डीच्या टेकडीत आहे. तिथे त्याच्यावर आधी ओलपाड फॉर्मेशन, मग खंभात शेल, मग वरचे सगळे थर. म्हणजे जो दगड आम्ही लहानपणापासून बघतोय तो तिथे कितीतरी खोल जाऊन बसलाय आणि सगळा तेलाचा खेळ त्याच्या डोक्यावर चालतो.

सॅम्पल मिळवणं हा एक स्वतंत्र विषय आहे, त्याच्यावर जास्त लिहीत नाही. एका कंपनीला पत्र, मग रिमाइंडर, मग सरांचा फोन, मग गोपनीयतेचा फॉर्म, मग परत पत्र. शेवटी एक खोका आला. त्यात तेलाच्या काचेच्या बाटल्या, झाकणाच्या आत टेफ्लॉन (रबर किंवा साधं प्लास्टिक चालत नाही, तेल ते विरघळवतं आणि मग मशीनमधे तेच दिसतं), आणि कापडी पिशव्यांमधे कटिंग्ज. कटिंग्ज म्हणजे ड्रिलिंग करताना बिटने फोडलेले खडकाचे बारीक तुकडे जे मडबरोबर, म्हणजे ड्रिलिंगसाठी विहिरीत फिरवतात त्या चिखलाबरोबर, वर येतात. अख्खा कोअर, म्हणजे खडकाचा सलग दंडगोल, मिळाला तर उत्तमच पण कोअर महाग, तो कोणी एमएस्सीच्या पोरीला देत नाही.

पहिलं काम धुणं आणि निवडणं. चाळणीवर धुवायचं, वाळवायचं आणि मायक्रोस्कोपखाली चिमट्याने एकेक तुकडा वेगळा करायचा, आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की या कामात केमिस्ट्रीपेक्षा संशय जास्त लागतो. ट्रेमधे राखाडी काळ्या शेलच्या चकत्या दिसतायत, मधेच चमकणारा अभ्रक, आणि मधेच तपकिरी, टोकदार, हलके, लाकडासारखे रेषा असलेले तुकडे. मी सरांना दाखवले, म्हटलं सर हे फॉसिल वूड आहे का. सर हसले. अक्रोडाचं टरफल होतं. ड्रिलिंग करताना खडकात भेगा लागल्या की मड त्यात निघून जातो, मग भेगा बुजवायला मडमधे अक्रोडाच्या टरफलाचा चुरा, अभ्रक, असलं काहीही टाकतात. आता ते टरफल तसंच दळून मशीनमधे गेलं असतं तर खडकात सेंद्रिय कार्बन भरपूर असं उत्तर आलं असतं आणि आपण खूश. शिवाय वरच्या थरातले तुकडे भिंतीवरून खाली पडून मिसळतात, म्हणजे पिशवीवर जी खोली लिहिलीय ती सगळ्या तुकड्यांची खरी खोली असेलच असं नाही. निवडून निवडून मान गेली माझी.

मग दळलेली पावडर रॉक-इव्हलला पाठवली. हे मशीन देशात मोजक्याच ठिकाणी आहे त्यामुळे पाठवा आणि वाट बघा. त्याचं तत्त्व मात्र मला फार आवडतं. साधारण ६०-७० मिलिग्राम पावडर घ्यायची, आधी ३०० अंशावर ठेवायची, तेव्हा खडकात जे मोकळं तेल आहे ते उडतं, तो एस-वन. मग मिनिटाला २५ अंश या वेगाने ६५० पर्यंत तापवायचं, तेव्हा केरोजेन म्हणजे खडकातला न विरघळणारा सेंद्रिय पदार्थ फुटून हायड्रोकार्बन निघतात, तो एस-टू. एस-टू जिथे सगळ्यात जास्त असतो ते तापमान म्हणजे टी-मॅक्स. जमिनीत लाखो वर्षं लागतात ते मशीन अर्ध्या तासात करतं, आणि जो खडक आधीच जमिनीत जास्त तापलाय त्याचा टी-मॅक्स जास्त येतो कारण सहज तुटणारे बंध आधीच तुटून गेलेले असतात. साधारण ४३५ अंशाच्या पुढे गेला की खडक तेल देण्याच्या टप्प्यात आला असं धरतात. हे ४३५ लक्षात ठेवा, पुढे सगळी भानगड यावरूनच झाली.

आता खरं काम, म्हणजे एक्स्ट्रॅक्शन. खडकाच्या पावडरमधून जे काही तेलासारखं आहे ते सॉल्व्हंटने ओढून काढायचं म्हणजे मग ते विहिरीतल्या तेलाशी ताडून बघता येतं. यासाठी सॉक्सलेट लावतात. खाली फ्लास्कमधे सॉल्व्हंट उकळतं, वाफ वर जाते, कंडेन्सरमधे थंड होऊन पावडरवर ठिबकते, भांडं भरलं की सायफनने एकदम खाली येते, परत उकळते, असं दोन-तीन दिवस सलग चालतं. सॉल्व्हंट म्हणजे डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉल, ९३ ला ७. लॅबमधे सगळे डीसीएम म्हणतात.

तर डीसीएम उकळतं ३९.६ अंशाला. आणि नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५. ज्यांनी ही पद्धत लिहिली ते नक्कीच थंड देशातले असणार. कपाटातली बाटली उघडली की फुस्स. पिपेटमधे घेतलं की पिपेटच्या टोकातून आपोआप ठिबकायला लागतं कारण आत वाफ होऊन दाब येतो. आणि कंडेन्सरला जे नळाचं पाणी जोडायचं ते गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येतं, दुपारी त्या पाण्यात हात घातला तर चटका बसतो, त्याने वाफ थंड होणार कशी, सगळं डीसीएम वरून हवेत. त्याचा वास गोडसर असतो पण तो घेण्यासारखा अजिबात नाही, फ्यूम हूड चालू नसेल तर कोणी लावूच नये.

यावर उपाय आमच्या लॅबच्या काकांनी काढला. त्यांनी कूलरची मोटर आणली, तीच ती पाण्यात बुडवायची छोटी मोटर जी नागपुरात प्रत्येक घरात एक जास्तीची पडलेली असते, ती एका टबात टाकली, पाइप कंडेन्सरच्या खालच्या तोंडाला, वरच्या तोंडाचा पाइप परत टबात, आणि टबात बर्फ. बर्फ कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून, गोणपाटात गुंडाळलेली लादी. पहिल्या दिवशी रसवाला म्हणाला, "ताई, पार्टी हाय का?" नंतर तो न सांगताच ठेवून द्यायचा. रात्री लाइट गेली की मोटर बंद, म्हणून हीटर आणि मोटर एकाच बोर्डवर, म्हणजे दोन्ही एकदमच बंद होतील, हे पण काकांचंच डोकं. थीसिसमधे मी "बर्फमिश्रित पाण्याचे पुनर्चक्रण" असं काहीतरी भारी लिहिलंय.

फ्लास्कमधे तांब्याचे कण टाकायचे असतात, गंधक पकडायला. ऍसिडने घासून काढलेलं तांबं टाकताना नव्या भांड्यासारखं लखलखीत असतं, आणि काही शेलच्या बाबतीत दोन-चार सायफन होईपर्यंत काळंकुट्ट. मग परत नवीन टाका. तेवढ्यावरूनच कळतं की कुठला शेल ऑक्सिजन नसलेल्या चिखलात जमा झाला असणार, मशीनला विचारायच्या आधीच.

त्यानंतर कॉलम. काचेच्या नळीत सिलिका जेल, त्यावर अर्काचा थेंब, आणि वरून आधी हेक्सेन, ते सॅच्युरेट्स (नुसते एकेरी बंध असलेले हायड्रोकार्बन) घेऊन उतरतं, रंगहीन, मग जरा जास्त ध्रुवीय सॉल्व्हंट, ते ऍरोमॅटिक्स (बेंझिनसारखी कडी असलेले) घेऊन उतरतं, पिवळसर, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळा उजेड देत, आणि शेवटी तपकिरी चिकट भाग जो निघता निघत नाही. सिलिका १२० अंशाला रात्रभर ओव्हनमधे ठेवून कोरडी करावी लागते, कारण ओलावा धरला की ती दोन भाग नीट वेगळे करत नाही. म्हणजे काय, तर लॅबमधला कूलर बंद! कूलर लावला की खोलीत दमट. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, कॉलम चालू असताना कूलरला हात लावायचा नाही. बाहेर ४५, आत ओव्हन, आणि आपण ऍप्रन घालून थेंब मोजतोय. बाहेर निघाले की लू सुद्धा गार वाटायची.

सॅच्युरेट्सची छोटी बाटली जीसी-एमएसला जाते, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांच्या तुकड्यांचं वजन (मास) मोजणाऱ्या मशीनला. मशीन आमच्याकडे नव्हतं, दुसऱ्या शहरात स्लॉट मिळाला तोही पुढे ढकलत ढकलत. पण जेव्हा ग्राफ हातात आला तेव्हा खरं सांगते, सगळा उन्हाळा विसरले. त्यात जे दिसतं त्याला बायोमार्कर म्हणतात, म्हणजे करोडो वर्षांपूर्वीच्या जिवांमधले रेणू, ज्यांचा सांगाडा अजून ओळखू येतो. १९३४ च्या सुमारास आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन केमिस्टने तेलात पॉर्फिरिन शोधलं आणि ते क्लोरोफिलचंच उरलेलं रूप आहे हे दाखवलं, तिथून हा सगळा विषय सुरू झाला. बॅक्टेरियातून होपेन येतात, ते १९१ मासवर बघायचे. शेवाळ आणि झाडांकडून स्टेरेन, ते २१७ वर. क्लोरोफिलच्या शेपटीतून प्रिस्टेन आणि फायटेन, आणि त्यांचं गुणोत्तर ३ च्या वर असेल तर जमिनीवरच्या झाडांचा माल, ऑक्सिजन असलेली जागा, १ च्या खाली असेल तर ऑक्सिजन नसलेली, अशी ढोबळ रीत.

सगळ्यात आधी ब्लँक लावलेला, म्हणजे खडक न घालता नुसतं सॉल्व्हंट सगळ्या पायऱ्यांतून नेलेलं. त्यात १४९ वर एक ऐटदार पीक. थॅलेट, प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते. कुठून आलं तर बहुतेक सॉल्व्हंटच्या कॅनमधून. ब्लँक नसता तर ते पीक मी एखाद्या प्राचीन जिवाच्या नावावर घातलं असतं.

मी सोबत एक कोळसा पण लावला होता, उमरेडच्या खाणीतला, एका सिनियरने ताजा आणून दिलेला. सरांचीच कल्पना. खंभातच्या तेलात ओलिनेन नावाचा रेणू दिसतो, १९१ च्या ग्राफमधे सी-३० (म्हणजे ३० कार्बनवाल्या) होपेनच्या अगदी आधी, त्याच्या खांद्याला लागून. हा फुलझाडांकडून येतो. आपल्या विदर्भातला गोंडवाना कोळसा पर्मियन काळातला, २५ कोटी वर्षांपेक्षा जुना, तेव्हा ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडं होती पण फुलझाडं नव्हतीच, म्हणून उमरेडच्या ग्राफमधे त्या जागी सपाट रेषा. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले, बाकी डोंगर जुळतायत आणि तो एक खांदा गायब. पुस्तकात शंभर वेळा वाचलं तरी असं पटत नाही.

दुसरा एक रेणू बायकॅडिनेन, ३६९ आणि ४१२ वर बघतात. हा डिप्टेरोकार्प कुळातल्या झाडांच्या राळेतून येतो. सुरतजवळच्या वस्तान लिग्नाइट खाणीत इओसीन काळातला, ५ कोटी वर्षांच्या आसपासचा अंबर (दगड झालेली राळ) मिळालाय तो याच कुळाचा. आणि साल वृक्ष पण याच कुळातला, ज्याची राळ इतवारीत पूजेच्या दुकानात मिळते. मी आईला सांगितलं की आपण धुपात टाकतो त्याचे नातेवाईक तेलात सापडतात, तर आई म्हणाली मग तेलाला वास का नाही चांगला. याला उत्तर नाही माझ्याकडे.

आता जुळवाजुळव. माझ्याकडे खंभात शेलचे दोन गट होते, वरचा तरुण आणि खालचा जुना, आणि ओलपाडचे थोडे तुकडे. तेलाचा ग्राफ आणि वरच्या तरुण शेलचा ग्राफ जवळजवळ जुळ्या बहिणी. ओलिनेन आहे, बायकॅडिनेन आहे, सी-२९ स्टेरेन जास्त, प्रिस्टेन-फायटेन जवळपास सारखं. मी तर लिहायलाच बसणार होते. सर म्हणाले, टी-मॅक्स बघ. टी-मॅक्स ४२५ च्या आसपास. म्हणजे हा शेल कच्चा, याने तेल दिलेलंच नाही. शिवाय या शेलच्या साध्या अल्केनमधे (सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनमधे) सी-२७, २९, ३१ असे विषम नंबरवाले दात वर आलेले, जे झाडाच्या पानावरच्या मेणाचं लक्षण आणि पिकलेल्या तेलात जे सपाट होतं. स्टेरेनच्या एकाच रेणूची एस आणि आर अशी दोन रूपं असतात, दोन्ही मिळून त्यातला एसचा वाटा पिकत गेलं की ०.५२ ते ०.५५ पर्यंत जाऊन थांबतो, तेलात तो तिथे पोचत आलेला आणि या शेलमधे ०.२ पण नाही.

म्हणजे सगळ्यात चांगला जुळणारा खडक, निदान माझ्या हातातला तुकडा तरी, या तेलाची आई नाही. मला हे पचायला वेळ लागला. खालचा जुना शेल, टी-मॅक्स ४३८ वगैरे, त्याचा ग्राफ तेलाशी इतका छान जुळत नव्हता, ओलिनेन कमी, पण पिकलेपण जुळत होतं. आणि ओलपाडच्या तुकड्यांत कार्बनच अर्धा टक्का पण नाही, ते बाद.

या विषयातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं हेच की न जुळणं हा पक्का पुरावा असतो आणि जुळणं हा फक्त "असू शकतं" एवढाच. आपण शेलचा जो तुकडा तपासला तो विहिरीच्या जागेवरचा, साधारण उंचवट्यावरचा, कारण विहिरी उंचवट्यावर खणतात. तेल बनलं ते बाजूच्या खोलगट भागात, ज्याला पेट्रोलियमवाले किचन म्हणतात, आणि तिथे तोच थर कितीतरी जास्त खोल असतो, आणि तिथपर्यंत कोणी विहीर नेलेली नसते. म्हणजे खऱ्या आईचा तुकडा बहुतेक वेळा कोणाच्याच हातात नसतो. मग आपण म्हणायचं काय, तर अशाच प्रकारचा चिखल, झाडांचा माल असलेला, जिथे ४३५ च्या पुढे गेलाय तिथून हे तेल आलेलं असणार. माझ्या निष्कर्षाचं वाक्य असंच आहे, आणि ते फक्त माझ्या विहिरींपुरतं.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी नेमकं दुखरं ठिकाण धरलं. म्हणाले ओलिनेन वाटेतून उचललेलं नसेल कशावरून? तेल वर सरकताना तरुण लिग्नाइटमधून गेलं तर तिथले रेणू विरघळवून घेऊन जाऊ शकतं, मग तुम्ही वाटेतल्या गावाचं नाव माहेर म्हणून लिहाल. मी सांगितलं की म्हणूनच कार्बन आयसोटोप (कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण) पण बघितलेत, कारण वाटेत उचललेल्या थोड्याशा मालाने अख्ख्या तेलाचा आयसोटोप बदलत नाही, आणि तेल आणि जुन्या शेलचा अर्क यांच्यात फरक एक पर मिलच्या (हजारात एक) आत आहे, दोन-तीनच्या वर असता तर मी नातं जोडलं नसतं. ते हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत, पुढचा प्रश्न विचारला.

जे कोणी हा विषय घेणार असतील त्यांच्यासाठी, मेणाचं तेल असेल तर बाटली ६० अंशाच्या पाण्यात ठेवून, हलवून मगच थेंब घ्या. मेमधे ते आपोआप पातळ दिसतं आणि वाटतं सगळं एकजीव आहे, पण तळाशी मेण बसलेलं असतं. डिसेंबरमधे तीच बाटली उलटी केली तरी तेल हलत नाही, तेव्हा निदान आपल्याला कळतं तरी.

खोक्यात एक बाटली वेगळी होती, कंडेन्सेट, पाण्यासारखं पातळ, हलकं पिवळं. त्यात होपेन-स्टेरेन जवळपास नाहीतच, इतकं तापलंय की मोठे रेणू फुटून गेले, म्हणजे मी वर लिहिलेलं काहीच त्याला लागू होत नाही. त्यासाठी डायमंडॉइड बघावे लागतात, हिऱ्यासारखी रचना असलेले छोटे रेणू जे बाकी सगळं फुटलं तरी टिकतात. मला ते पीएचडीच्या प्रपोजलमधे घालायचंय. बाटली फ्रीजमधे आहे, झाकणावर पॅराफिल्म, त्यावर काकांनी मार्करने "हात लावू नये" लिहिलंय, आणि मशीनचा स्लॉट दिवाळीनंतरचा मिळालाय.